कोणी बोलत नाही याचा पुरावा

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर इतक्या मोकळेपणी लिहिते आहे. वाचता येणाऱ्या कुणाला हे दाखवायची माझी छाती नाही. तू गेलीस तेव्हा अख्ख्या गावात फोन एकट्या सरपंचांकडे होता. आता घरोघरी आहे, आणि साऱ्या गावाचा मिळून एक ग्रुप आहे, म्हणजे फोनमधली चावडीच म्हण. कुणाची म्हैस सुटली, कुणाकडे हळद आहे, लाइट कधी येणार, सगळं त्यावर येतं. गावकीचे पंच तिथेही पंचच. त्यांच्या मनात आलं की ते कुणालाही ग्रुपमधून काढतात. मग एक फिकट ओळ उमटते, अमक्याला काढलं म्हणून, आणि गावाला काय समजायचं ते समजतं.

आपल्याला वाळीत टाकलं तेव्हा मी दुसरीत होते. देवळाच्या मांडवासाठी अंगणाची पट्टी सोडा, असं पंच म्हणाले, बाबा मान खाली घालून बसले, आणि जिथे बायकांनी तोंड उघडायचं नसतं त्या बैठकीत तू उभी राहून नाही म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या दुकानात आपल्याला मीठसुद्धा मिळेना. मिठासाठी तू पार नेरे गावापर्यंत चालत जायचीस. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. एकदा तू चुलीपुढे भाकऱ्या थापते आहेस आणि मी तुझ्या पाठीला लोंबकळून रडते आहे, माग ना माफी, एकदाच माग. तू पिठाच्या हातानेच मला लांब ढकललंस. म्हणालीस, "कोन बोलला नाय म्हनून मानूस मरत नाय." त्याच वर्षी तू काविळीने गेलीस, आणि तुझ्या माहेरची माणसं खांदा द्यायला येईपर्यंत बाबा दारात ताटकळत उभे होते. मग त्यांनी दंड भरला, देवापुढे नारळ ठेवला, आणि आपण पुन्हा गावात आलो. तेव्हापासून बाबा पंचांच्या सावलीलाही वाट देतात. तुझं म्हणणं खरं होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी आता पनवेलच्या कॉलेजात माध्यमांचं शिकते. गेल्या महिन्यात वर्गापुढे बोलायचं होतं, विषय होता डिजिटल माध्यमं आणि सामाजिक न्याय. मी ठणकावून सांगितलं की आता प्रत्येकाच्या हातात माइक आहे, आता कुणाचा आवाज दाबता येणार नाही. टाळ्या पडल्या, सर छान म्हणाले, मीही हवेत. त्याच संध्याकाळी एसटीत बसले आणि फोनवर ती फिकट ओळ आली. शेजारच्या काकीला काढलं होतं. तिच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं आणि काकीने तिचं डोहाळजेवण केलं, एवढाच तिचा गुन्हा. पाठोपाठ ग्रुपवर एका पंचांचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, "त्या घराशी कोनी बोलाचा नाय. जो बोलंल त्यो पन भायेर." थोड्याच वेळात तो पुसलाही गेला. वाळीत टाकणं आता कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. पण मी तो ऐकला होता, आणि ग्रुपवरून पुसलं तरी आवाजाची फाइल फोनच्या पोटात राहते, हे मला कॉलेजात कळलं होतं. शोधली तर सापडली. आये, तो आवाज मी ओळखत होते, आपल्या वेळच्या बैठकीतही तोच होता.

पुढे एके दिवशी काकी मला पनवेलच्या स्टँडवर भेटली, रसवंतीच्या मागे उभी होती. गावात माझ्याशी बोलायची सोय नव्हती ना. मी आधी चारी बाजूंना पाहून घेतलं, आपल्या गावचं कुणी आहे का. ती म्हणाली, पोलीस पुरावा आण म्हणतात. "माज्याशी कोन बोलत नाय, याचा पुरावा कुटून आनू, बाय? तुज्या फोनात काय हाय का?" मी काही नाही म्हणणारच होते. तेवढ्यात तीच खाली बघत म्हणाली, "तुज्या आयेशी तवा मी पन बोलली नाय. म्हनून तुज्याकरं मागाला जीभ उचलत नाय. पन दुसरा हाय कोन?"

मला तिचा भयंकर राग आला. तू मीठ आणायला उन्हातून जायचीस तेव्हा हिचं दार बंद असायचं. पण रागापेक्षा भीती मोठी होती, ती रागाला पुढे येऊच देईना. दादाची हळद तोंडावर आली आहे. गावच्या बायका भाकऱ्या थापायला आल्या नाहीत, तर मांडव ओस पडेल. मुलीकडचे लग्न मोडतील. बाबा आता दुसऱ्यांदा हे सोसणार नाहीत. आणि काकीने माझं नाव कितीही लपवलं, तरी फोनच्या पोटातलं काढता येणारी गावात दुसरी आहे कोण? बघते, एवढंच म्हणून मी गाडीत चढले. गाडी सुटेपर्यंत काकी तिथेच उभी होती, आणि तिच्याकडे बघायचं नाही म्हणून मी खिडकीकडे पाठ करून बसले. मग मला कळलं की मी तिला वाळीत टाकून बसले आहे. तशीच पाठ ठेवून मी तिला ती फाइल पाठवली.

त्याला आठवडा झाला. काकीने तक्रार दिली आहे. पोलीस एकदा येऊन गेले, आवाज कुणी दिला हे गाव शोधतं आहे. बाबांना काहीच माहीत नाही, ते हळदीच्या तांदळाचं बघत आहेत. कुणी हाक मारली तरी मी आधी फोन लपवते. मी दर थोड्या वेळाने ग्रुप उघडून बघते. आज सकाळी पंचांनी नेहमीसारखा फुलांचा फोटो टाकला, सर्वांना शुभ सकाळ म्हणून. मी गप्प आहे हे कुणाच्या नजरेत येऊ नये, म्हणून सगळ्यांच्या आधी मीच हात जोडलेलं चित्र पाठवलं. मला अजून काढलेलं नाही, आये. आणि ते दिसलं की मला फार बरं वाटतं.