दोनशे चाळीस अंडी आणि आमची गल्ली

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे सध्या वाकलेलाच असतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला बसला का?

समुद्र तुझ्या खिडकीखाली, आणि वादळ मात्र तुला नुसता वारा घालून शंभर कोस आत माझ्या दारात आलं! खिडक्या बंद कर म्हणून तू चारदा फोन केलास आणि मी हसलो, की इथे कुणी साधी होडी पाहिलेली नाही, वादळ कशाला येतंय? ते आलं. शाळेचे पत्रे उडाले, पूल खचला, विजेचे खांब आडवे झाले. माणसं सगळी वाचली, हे आधी सांगतो. पण माझ्या उबवणीच्या यंत्रात पंधरा दिवसांची दोनशे चाळीस अंडी होती, आणि यंत्र थंड पडलं. आधीच्या दोन खेपा वाया गेलेल्या. ही गेली की दुकान मिटलं. म्हणूनच फोन बंद पडायच्या आधी तुला म्हणालो, की सगळं विकून तुझ्याकडे राहायला येतो.

मग डोक्याला हात लावून दारात बसलो. समोरची शिंपीणबाई (माझ्या कोंबड्यांच्या वासावरून चार वर्षं आमचा अबोला; वास येतो, हे आता कबूल करतो) गुडघाभर पाण्यातून आल्या नि म्हणाल्या, "बसलात काय? ऊबच हवी ना त्यांना? द्या इकडे!" त्यांच्यामागे न्हावी, बेकरीवाला, निवृत्त हेडमास्तर. तासाभरात अंडी घरोघर गेली. ती दिवसातून पाच वेळा उलटावी लागतात, म्हणून मास्तरांनी शाळेची घंटा आणली. घंटा झाली की अख्खी गल्ली गोधड्यांत हात घालायची. न्हाव्याने पोटाला बारा अंडी बांधून तीन दाढ्या केल्या आणि एकालाही कापलं नाही, हे प्रथमच घडलं. शिंपीणबाईंचं छप्पर गळत होतं. ओल्या बाजूला त्या स्वतः, कोरड्या कोपऱ्यात माझी अंडी. ताई, ते पाहून मला रडू आलं.

चौथ्या दिवशी वीज आली, आणि पुढे एकशे एकाहत्तर पिल्लं निघाली! एक चूक मात्र मीच केली. कुणाची अंडी किती जगतात ते कळावं म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने ते ज्याच्या घरी आहे त्याचं नाव घालायला सांगितलं. आता रोज संध्याकाळी लोक 'आपली' पिल्लं बघायला येतात. विकायचं नाव काढलं की सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू मी कसाई. दुकान वाचलं, धंदा बुडाला, आणि मी इतका सुखी कधीच नव्हतो.

तुझा,
धाकटा

ता. क. विकून येतो म्हणालो ते घाबरून. मी येत नाही. माझ्यासाठी खोली रंगवायला काढली असशील तर रंगाऱ्याला परत पाठव.

आणखी ता. क. किंवा नको पाठवूस. त्या खोलीत चाळीस पिल्लं मावतील का? इथे पाय ठेवायला जागा नाही. माझ्यावर विश्वास नाही म्हणून शिंपीणबाई स्वतः घेऊन येत आहेत. त्यांना दोन दिवस ठेवून घे, हवं ते खाऊ घाल, पण तिसऱ्या दिवशी न चुकता परत पाठव. पिल्लं राहिली तरी चालतील.