जयवंताचा नारळ

देवळी, ११ मार्च १९८१

जयवंता,

तू पुलगावहून पाठवलेला नारळ यष्टीच्या कंडक्टरनं आज आणून देला. माह्या पोराच्या वाढदिवसाले तू सहा वर्षांपासून न चुकता पाठवून राह्यली.

तुले तो दिवस आठवत असन. आपण दोघी जावा, दोघींची कूस रिकामी, म्हणून सासूनं देवीले नेलं होतं. पुजाऱ्यानं नाव घेऊन दोघींच्या ओटीत एकेक नारळ टाकला अन् म्हणाला, "देवी ज्याचं त्याले देते. अदलाबदल करू नोका."

तू विहिरीवर पाय धुवाले गेली, तवा मी दोन्ही नारळ कानाशी हलवून पाह्यले. तुह्यातलं पाणी खळखळलं. माहा मुका होता. मी बदलवले.

घरी सासूबुढीनं ते सगळ्यांसमोर फोडले. माह्यातून पांढरंशुभ्र खोबरं निघालं, तुह्यातून काळा गोळा पडला अन् वास सुटला. "देवीनंच हिले टाकलं," बुढी म्हणाली. आठ दिवसांत तुले माहेरी पोचवलं. तुही पेटी बसपर्यंत मीच उचलली.

वर्षभरात मले पोरगं झालं. वाईट वाटते म्हणून लिहीत नाई. तुह्या नावानं आलेलं माह्या अंगणात खेळून राह्यलं, एवढंच.

हे पत्र टाकणार नाई. समजलं तर तू तळतळाट देशीन, अन् देवी तुहं ऐकते, हे मले ठाऊक आहे.

आजचा नारळ पूजेत ठेवला. आधी कानाशी हलवून पाह्यला. तुहे नेहमीच चांगले निघतात.

तुही मोठी जाऊ,
शकू