ताटातला वरंबा

आबा, आज सकाळी माझ्यावर घोर अन्याय झाला. हात धुवायच्या साबणाच्या बाटलीने तीनदा नुसती हवा दिली आणि चौथ्यांदा सगळा साबण इस्त्रीच्या शर्टावर उडवला. लोकांची टर उडवून पोट भरणाऱ्या माणसाने दाद कुणाकडे मागायची? तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली, म्हणून तक्रार तुमच्याकडे. उलट बोलणार नाही तुम्ही.

पण बोलताच. डोळे मिटले की एरंडोलची आपली केळीची बाग येते, तो हिरवा, पाण्याखालचा वाटावा असा उजेड. तुम्ही फवारणीच्या पाण्यात साबण कालवताय, कारण केळीच्या पानावर नुसतं पाणी थांबत नाही. मी धुळ्याच्या कॉलेजातून सुट्टीला आलोय, पीएच.डी.चे कागद घेऊन. पाण्याच्या पातळ थरावर साबणाचा थेंब पडला तर तो किती वेळात किती पसरेल, याचं गणित. साबण पडतो तिथला पाण्याचा पृष्ठताण ढिला होतो आणि भोवतालचं ताणलेलं पाणी त्याला ओढून नेतं. थराची जाडी मी कायम सारखी धरली होती. दोन वर्षांचं काम त्या गृहीतकावर उभं, आणि उत्तरं प्रयोगाशी जुळत नव्हती. पुढच्या महिन्यापर्यंत जुळली नाहीत तर माझे मार्गदर्शक सर मला सोडून देणार होते.

"काय शे हाई?" कागदांकडे बोट दाखवून तुम्ही विचारता. मी मोठ्या शहाणपणाने समजावतो. तुम्ही राखेने घासलेलं जेवणाचं ताट ओलं करता, पाणी पातळ पसरू देता आणि मधोमध साबणाचं बोट टेकवता. पाणी झपकन बाहेर सरकतं. मध्ये ताट जवळपास कोरडं, भोवती पाण्याची उंच, गोल कड.

"मधलं पानी कोठे गयं?"

"सरकलं, आबा."

"मंग वरंबा व्हईच ना! बाप जलमभर केळीले पानी देस, अन् पोऱ्या पानीले खिळा ठोकस!"

मला राग आला. कागद गुंडाळून मी उठलो. मग गुपचूप जाडीसाठी दुसरं समीकरण मांडलं. साबण पाण्याला हलवतो आणि हललेलं पाणी साबणाला. कागदावर तोच वरंबा उठला, तसाच पुढे सरकत गेला, आणि उत्तरं जुळली.

धुळ्याला सरांनी विचारलं, "हे तुला सुचलं कसं?"

मी म्हणालो, "विचार करताना."

प्रबंधात मी सरांचे आभार मानले, ग्रंथपालांचे मानले, टंकलेखकाचेसुद्धा. तुमचे मानले ते 'आशीर्वादाबद्दल'. तुम्ही ते पान कौतुकाने गावभर दाखवलंत आणि मी दाखवू दिलं.

काल जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंधाची प्रत मागवली. ती कुणी उघडलेलीही दिसत नव्हती. 'आशीर्वादाबद्दल' खोडून 'दुसऱ्या समीकरणाबद्दल' असं लिहिलं. पेन खिशात होतं, आबा. पण लिहिलं पेन्सिलीने.