पहिल्या घडीच्या खुर्चीची सुई

मी, खाली सही करणारी, घडीच्या खुर्च्यांच्या कारखान्याची थोरली मालकीण, वय वर्षे एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. कानांनी कमी ऐकू येते, डोके शाबूत आहे. शंका असल्यास धाकट्या दिरांना विचारावे. माझ्या स्मरणशक्तीला ते अजून टरकून असतात.

राहते घर मुलाला. त्याने जिन्याखालची खोली भाड्याने देऊ नये. गावाचा धंदा तिथेच सुरू झाला. बँकेतली शिल्लक लेकीला. यजमानांची हत्यारे कारखान्यातल्या सुताराला. करवत तो आधीच घेऊन गेला आहे, तीही दिली असे समजावे.

आता खुर्ची. पहिली घडीची खुर्ची ह्यांनी केली, हे खरे. पण ती बसणाऱ्यासकट मिटायची. हे तीनचारदा आपटल्यावर मी हातातल्या विणकामाची सुई उपसली आणि खुर्चीच्या पायांना भोके पाडायला लावून आरपार घातली. खुर्ची उभी राहिली. हे म्हणाले, "अगं, खुर्ची माझी, पण उभी तुझ्यामुळे." पुढच्या खुर्च्यांत सुईच्या जागी लोखंडी खिट्टी आली आणि गाव पोटापाण्याला लागले.

ह्यांच्या पश्चात चौकात दोन मजली उंच लोखंडी खुर्ची उभारली. तिच्यावर कावळ्यांखेरीज कोणी बसत नाही. खालच्या फलकावर शोधक म्हणून नाव धाकट्या भाऊजींचे! कल्पना झोपेत सुचली, असे ते सांगतात. झोपेत होते हे खरेच; उन्हे डोक्यावर येईपर्यंत उठत नसत. माझे नाव कुठेच नाही. याचे मला फार वाईट वाटते, आणि मेल्यावरही वाटेल.

सबब, मूळ खुर्ची नगरपालिकेच्या नव्या संग्रहालयाला देते. सुई मात्र लेकीकडे राहील. फलकावर माझे नाव आले, तर तिने ती स्वतःच्या हाताने खुर्चीत घालावी. न आल्यास उद्घाटनाला भाऊजींनी त्याच खुर्चीत, सुईशिवाय, स्वतःचे भाषण संपेपर्यंत बसून दाखवावे.

सुई उपसल्यामुळे अर्धा राहिलेला स्वेटर भाऊजींसाठीच चालला होता. तोही त्यांना देते. बाही एकच आहे.

ठिकाण: जिन्याखालची खोली.
दिनांक: कारखान्याच्या सुट्टीचा मंगळवार.

साक्षीदार: घरचे डॉक्टर, शेजारच्या शिक्षिकाबाई. दोघांनाही मूळ खुर्ची बसायला दिली होती. दोघांनीही उभ्यानेच सही केली.

सही: डाव्या हाताची. आज सकाळी खात्रीसाठी सुई काढून पाहिली, त्यात उजव्या हाताचे बोट सापडले. खुर्ची अजून मिटते.