बसायला जागा नाही

बुधवार, १२ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक, तुम्हीही तिकडे ठीक असालच. धाकट्याचा पहिला दात पडला हे तुमच्याकडून कळलं आणि आई दिवसभर स्वतःशीच हसत होत्या. हातात फोन असताना ही बाई कागद-पेन घेऊन का बसली, असं वाटेल तुम्हाला. बसली आपली. कागदावर बोललं की मध्येच कुणी "कोणाशी बोलतेस?" असं विचारत नाही.

तुमच्या दादांनी पाठवलेला आईंच्या चालण्याचा व्हिडिओ पाहून तुम्ही लिहिलंत, "दादानं आईला नवीकोरी केली." ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. तर हे सगळं कसं जमवलं ते सांगते.

खुब्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. हसऱ्या, बोलक्या. म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं, घरातच करा. जरा मोकळी जागा आणि ठरलेली वेळ, बस." दादांनी ते मनावर घेतलं. गोदाम सांभाळणारा माणूस, जागा करणं हा त्यांच्या हातचा मळ. बाहेरच्या खोलीतला दिवाण गेला, टेबल गेलं, आईंचं कपाट गॅलरीत गेलं. भिंतीला धरायला दांडा बसवला, खाली रबरी चटई घातली. खोली कशी लख्ख दिसायला लागली. मीही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू?

मग खुर्च्या गेल्या. "खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं," म्हणाले. आईंची गादीही आता सकाळी गुंडाळून माळ्यावर जाते, रात्रीच खाली येते. आई गमतीनं म्हणाल्या, "अगं, आता पाहुणे आले तर त्यांनाही व्यायामच करायला लावायचा का?" आम्ही दोघी खूप हसलो. दादा हसले नाहीत.

तुमच्याकडे हवा कशी आहे? इकडे

गुरुवार, सकाळ

काल वाक्य अर्धंच राहिलं. कॅमेरा बोलला म्हणून कागद पिठाच्या डब्यामागे सारला. हवापाण्याचं राहू द्या आता. खरं लिहिते.

बाहेरच्या खोलीत फळीवर एक छोटा कॅमेरा आहे. दादा गोदामातून त्यात बघतात आणि बोलतातही. "आई, थांबलीस का? चल, दांडा धर." आई फळीकडे बघून हात जोडतात आणि चालायला लागतात. मी मध्ये पडले की आवाज येतो, "तू आत जा." स्वयंपाकघर त्यात दिसत नाही, म्हणून लिहिता येतंय. माझा फोनही ते रोज बघतात.

व्यायामाच्या बाईंनी आईंच्या पायाची सूज पाहिली आणि हबकल्याच. "अहो, हे जरा जास्त होतंय. आठवडाभर पूर्ण विश्रांती द्या." दादांनी त्यांना चहा दिला, दारापर्यंत पोचवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही. ते आवाज कधीच चढवत नाहीत.

आई झोपेतही "उठले रे, उठले," म्हणतात.

ते दुष्ट नाहीत, ताई. तुमचे बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तुम्ही बाळंतपणात होतात. पाठीच्या त्या जखमा यांनी एकट्यानं धुतल्या. मला खोलीत येऊ दिलं नाही. तेव्हापासून माणूस आडवं झालेलं दिसलं की यांचा चेहरा पालटतो. "आईला मी तसं होऊ देणार नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची भीतीच वाटते.

सोमवारी त्यांची सुट्टी होती. आई दांड्यावरून हात सुटून पडल्या. मी धावले. "हात लावू नकोस," म्हणाले. "स्वतः उठेल. उठता आलंच पाहिजे तिला." आई चटईवर पालथ्या. हात टेकायच्या, पुन्हा कोसळायच्या. "बाळ, जरा धर रे," म्हणाल्या. मग कपडे ओले झाले, तेव्हा बोलायच्याही थांबल्या. दादांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, ताई, पण हात काही पुढे आला नाही. शेवटी त्या भिंतीला धरून कशाबशा उठल्या. तुम्ही पाहिलात तो व्हिडिओ त्यानंतरचा आहे.

आणि मी दारात उभी होते. पदराचा बोळा तोंडात धरून, नुसती उभी. त्याचं काय करायचं ते मी बघेन.

आज दादा कामावर गेले आणि मी मीटरचं मुख्य बटण बंद केलं. खालच्या शिंपीणबाईंच्या भावाची टॅक्सी आहे, तो तुमच्या दारापर्यंत सोडणार आहे. आईंची पिशवी भरली. म्हणाल्या, "त्याला विचारलंस का?" म्हटलं, "विचारलं." "काय म्हणाला?" "म्हणाले, जाऊ दे, नातवाला भेटून येऊ दे." त्यांचे डोळे भरून आले. "बघ, मी म्हणत नव्हते? माझं बाळ वाईट नाही गं." ताई, एवढं एक खोटं माझ्यासाठी सांभाळा. ते मोडू नका.

हे लिहितानाच दादांचा फोन आला. "कॅमेरा बंद का?" म्हटलं, लाइट गेलेत. मग म्हणाले, "समोरच्यांना फोन केला होता. त्यांच्याकडे लाइट आहेत. मी निघालोय."

म्हणून आता आवरते. कागद आईंच्या पिशवीत घालते. तुम्ही वाचाल तेव्हा त्या तुमच्यासमोर बसलेल्या असतील. त्यांना आधी डॉक्टरकडे न्या. घोटे दाबून बघायला सांगा.

मी का नाही निघाले? दार उघडल्यावर घरात कुणीच दिसलं नाही, तर ते सरळ तुमच्याकडे येतील. मी असले तर आधी माझ्याशी बोलतील. तेवढा वेळ मिळेल तुम्हाला. मारणार-बिरणार नाहीत मला. परवा जेवताना एवढंच म्हणाले, "जिना चढताना तुझेही गुडघे वाजायला लागलेत. लक्ष द्यायला हवं."

एकच सांगते, नीट वाचा. आज ना उद्या माझा फोन येईल. मी म्हणेन, सगळं छान आहे, आईंना परत पाठवा. कदाचित हसेनसुद्धा. पाठवू नका, ताई. मी कितीही विनवलं तरी पाठवू नका.

लोभ माझ्यावर होता तो आता आईंना द्या.

तुमची
वहिनी