निबंधात मासळी नको

जुईनगर,
रविवार, १६ फेब्रुवारी १९९७

चंदाताई,

साष्टांग नमस्कार. भाऊजींचा खोकला गेला का? आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, बाकी ठीक. जुईनगरहून घणसोली ती केवढीशी लांब, आणि ही बया पत्र लिहितेय, म्हणून हसशील. हस. सकाळपासून दोनदा चपला घातल्या नि दोनदा काढल्या. अक्षर मोठं काढते, तुझं तुला वाचता यावं म्हणून.

शाळेत दहावीची उजळणी चालली आहे. उतारा आधी पूर्ण वाचा, मग प्रश्नांकडे वळा. कवितेची मध्यवर्ती कल्पना दोन ओळींत. यमक कशाला म्हणतात, उपमा कशाला. निबंधाला प्रस्तावना, मग मुद्दे, मग समारोप. पोरं पोपटासारखी म्हणतात, मीही म्हणते.

वैशाली नावाची मुलगी आहे वर्गात, तुझ्या सासरच्या गावातली. ‘माझी आई’ लिहायला घेतलं तेव्हा तिनं विचारलं, “बाई, माझी आई मासली इकते. ते प्रस्तावनेत घेऊ का मुद्द्यांत?”

मी फटकन म्हणाले, “निबंधात मासळी नको. पेपर कुणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही.” मग फळ्यावर साचा लिहून दिला. पहाटे रांगोळी काढणारी, तुळशीपाशी दिवा लावणारी, गोष्टी सांगणारी आई. चाळीस पोरांना एकच आई! वैशालीनं ती इतकी छान लिहिली की बुधवारी पालकसभेत मी तिला उभं करून वाचायला लावलं.

तिची आई गोजराबाई बाजार सोडून आली होती. मागच्या बाकावर अंग चोरून बसलेली. टाळ्या झाल्या, तशी ती उठली. “चांगला लिवलाय. पन ही बाई कोन? मी त पहाटं धक्क्याव जाते. रांगोली कवा काढली मी?” कुणीतरी हसलं. ती निघून गेली.

गुरुवारपासून वैशाली शाळेत नाही. मैत्रिणीकडून निरोप आला, “आई बोलते, आईची लाज शिकवतात त्या शालंत नाय जायाचा.” पेपर पंधरा दिवसांवर आले. तिचं हॉलतिकीट माझ्या पर्समध्ये आहे, आणि मी ते सारखं काढून बघते.

ताई, गोजराबाई खोटं बोलली नाही, म्हणून तर मला बसवत नाही. दिवाळीआधी तू शाळेच्या फाटकाशी आली होतीस. डोक्यावर पाटी, माझ्यासाठी कोलंबी वेगळी बांधलेली. माझ्यासोबत शाळेतल्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, “कोण गं या?” मी म्हटलं, “आमच्याकडे मासळी देतात.” तू ऐकलंस. “येते, बाई,” म्हणालीस आणि मागं वळून न बघता गेलीस. माझी अब्रू तूच राखलीस. तू चौथीतून शाळा सोडून आईशेजारी बाजारात बसलीस, तेव्हा कुठं मी बी.एड. झाले. आणि फाटकाशी तू पाठ फिरवलीस तेव्हा मला बरं वाटलं गं, सुटल्यासारखं.

गोजराबाई बाजारात तुझ्याच शेजारी बसते. माझं ती ऐकणार नाही, आणि का ऐकावं? तुझं ऐकेल. तिला सांग, राग माझ्यावर काढ, पण पोरीला पेपरला पाठव. ती विचारेल, तुला त्या बाईचा एवढा पुळका का? तर मी तुझी कोण ते सांग. आजवर तू सांगितलेलं दिसत नाही. फाटकाशी काय झालं, तेही सांग. काही झाकू नकोस. पोरीचं वर्ष वाया जाता कामा नये.

हे पत्र पोस्टात टाकते, म्हणजे परत घेता येणार नाही. येत्या गुरुवारी शाळा सुटली की हॉलतिकीट घेऊन बाजारात येते. फाटकाशी होत्या त्या बाईंनाही सोबत घेऊन येणार आहे. त्यांना काय सांगायचं ते घरात मोठ्यानं म्हणून बघते आणि मधेच अडते. तू ओळख दाखवली नाहीस तर तो तुझा हक्क. मी मात्र तुझ्या पाटीशी उभी राहून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणेन, की मी

तुझी सख्खी धाकटी बहीण,
अमिता