आठ जास्त, आठ कमी

३ मार्च, सोमवार

बुधवारी नर्स येणार. माझी परीक्षा घ्यायला! घरी मी गोळ्या नीट घेते की नाही, ते बघणार म्हणे. चाळीस वर्षं शिवणक्लास चालवला, शेकडो मुलींना मापं घ्यायला शिकवलं. आता चार गोळ्यांसाठी मला कुणी तपासायचं? मुलगा फोनवर म्हणाला, दवाखान्यातून ठरलंय, नाही म्हणू नकोस. दवाखान्यातून कसलं! ह्याचंच काम. मला इथून हलवायला निमित्त हवंय.

वन्सं समोर चहा पीत होत्या. त्यांचे भाऊ गेल्यापासून आम्ही दोघीच. त्यांचे हात थरथरतात, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात.

४ मार्च

इथे लिहिते, बाहेर बोलणार नाही — गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं मला दिसत नाहीत. ही वहीसुद्धा जाड पेनाने, पानाला दहा ओळी. पण डाव्या खणात रक्तदाबाची, उजव्या खणात साखरेची. अक्षरं हवीत कशाला?

५ मार्च, बुधवार

नर्स आली. पोरगेलीच आहे. घरात असतील नसतील ती सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली, फ्रिजमधलं मुदत गेलेलं सिरपही. नाव काय, कशासाठी, कधी घेता — मी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. खूश झाली.

मग हातात दोन पाकिटं दिली. "आजी, यातली रक्तदाबाची कोणती?"

ताबडतोब दिली. चुकीची.

तिने गोळ्या मोजल्या. रक्तदाबाच्या आठ जास्त, साखरेच्या आठ कमी. आठ दिवस मी एकच गोळी दोनदा घेत होते आणि दुसरी घेतच नव्हते. पूर्वीची रक्तदाबाची गुलाबी होती. दुकानदाराने या वेळी दुसऱ्या कंपनीची पांढरी दिली, दोन्ही सारख्याच; खणांत ठेवताना दोन्हीकडे साखरेचीच गेली. माझी काय चूक? तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात दरदरून घाम फुटायचा, गरगरायचं. मी उन्हावर ढकललं होतं.

७ मार्च

मुलाचा फोन. म्हणाला, तू आता इकडेच ये, आत्याची कुठेतरी चांगली सोय बघतो. सोय म्हणजे काय ते मला कळतं.

"आत्या म्हणजे सामान नाही," म्हटलं. "ती जिथे, तिथे मी." फोन ठेवून दिला.

९ मार्च, रविवार

अखेर वन्संना सांगितलं, मला पाकिटावरचं वाचता येत नाही. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. नुसता चष्मा लावला.

दिवसभर टेबलाशी बसलो. त्यांना पाकिटातून गोळी काढता येत नाही, मला नाव दिसत नाही. त्यांनी वाचायचं, मी काढायची. वाचतात मात्र खणखणीत! सात दिवसांचा डबा भरला, दोघींचा वेगवेगळा.

नर्सला फोन केला, पुन्हा या म्हटलं. ती म्हणाली, फॉर्म एका माणसाचाच असतो.

"मग दोन आणा."

१२ मार्च, बुधवार

आली. दोन फॉर्म घेऊन! मुद्दाम पाकिटं मिसळली, एक जुनंही त्यात सरकवलं. वन्संनी नाव वाचलं, तारीख वाचली, ते बाजूला काढलं. मी हात लावला नाही. नर्सने लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवलं: दोघी मिळून औषधं बरोबर घेतात, दर महिन्याला येऊन बघावं.

जिंकलो!

मुलाला फोन करून चांगलं सुनावलं. नर्स पाठवून मला हलवायला निघाला होतास, म्हटलं, बघ आता. तो म्हणाला, "आई, तिला मी नव्हतं बोलावलं. मला दवाखान्यातूनच कळलं." खोटं बोलतोय.

१३ मार्च

सकाळी गोळ्यांचं नाव वाचता वाचता वन्सं थांबल्या.

"वहिनी, दवाखान्यात मी सांगितलं होतं. तुम्ही चुकीची गोळी घेताय, हे मला दिसत होतं."

मग मलाच का नाही सांगितलं, विचारलं. त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी उचललं आणि नाव पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या, हळू आवाजात.

घाबरत होत्या. मला.